घरी परत आणणारी गाडी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. दोन वर्षांपासून त्याला स्केटबोर्डचं वेड लागलंय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तासन्‌तास एकच उडी मारत असतो. पडतो, उठतो, पुन्हा तीच उडी. आता म्हणतो, “अठरा पूर्ण झाली की जुना पिकअप घेणार.” त्याच्या वयाची मुलं बाइक मागतात आणि हा भाजी आणायचा टेम्पो मागतोय! परदेशातल्या स्केटबोर्डवाल्यांकडे म्हणे अशाच जुन्या गाड्या असतात. या खेळाचा आणि पिकअपचा संबंध तरी काय? — एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : संबंध आहे, आणि तो जुना आहे. तुमच्या मुलाने मागितलेली गाडी त्याच्या खेळाच्या फार जवळची आहे.

आधी या खेळाची अडचण समजून घेऊ. क्रिकेटला मैदान असतं, कॅरमला बोर्ड असतो. स्केटबोर्डला स्वतःचं मैदान नाही. ते शोधावं लागतं, नाहीतर बांधावं लागतं. बोर्डाची चाकं जेमतेम ५० ते ५४ मिलिमीटर व्यासाची आणि कडक असतात. वाटेत हरभऱ्याएवढा खडा आला तरी चाक जागच्या जागी थांबतं आणि पोरगा पुढे फेकला जातो. आपल्याकडच्या पेव्हर ब्लॉकच्या फटी या चाकांना खंदकासारख्या. म्हणून हा खेळाडू सतत गुळगुळीत जमिनीच्या शोधात हिंडतो. हिंडायचं म्हटलं की गाडी आली.

आता कॅलिफोर्नियाला जाऊ, कारण खेळ तिथे वाढला. समुद्रावर लाटा नसतील त्या दिवशी रस्त्यावर लाट शोधायची, या हौसेतून १९५०च्या दशकात लाटांवर खेळणाऱ्या पोरांनी फळीला चाकं लावली. १९७०च्या दशकात पॉलियुरेथेनची चाकं आली. रस्त्याला घट्ट धरणारी ही चाकं मिळाल्यावर मुलं धीटपणे वळायला लागली. मग १९७६-७७ मध्ये तिथे मोठा दुष्काळ पडला. बंगल्यांमागचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि त्यांच्या गोल, गुळगुळीत भिंतींमध्ये या पोरांना आपलं मैदान सापडलं. पण तळाशी गढूळ पाणी आणि पालापाचोळा उरलेला असे. तो काढायला पंप हवा, पाइप हवा, बादल्या आणि झाडू हवेत. एवढं सामान आणि चार दोस्त घेऊन जायला उघड्या हौद्याची गाडीच सोयीची.

पुढे सत्तरचं दशक संपताना अमेरिकेतले बरेच स्केटपार्क, म्हणजे या खेळासाठी मुद्दाम बांधलेल्या जागा, बंद पडले. अपघात झाला तर भरपाई कोण देणार, या प्रश्नापायी विमा परवडेनासा झाला. जागा गेली तरी पोरांनी खेळ सोडला नाही. कुणाच्या तरी घरामागच्या अंगणात त्यांनी लाकडी उतार उभे केले. त्यासाठी प्लायचे आठ बाय चारचे शीट, बल्ल्या, खिळे, करवत. हे सगळं मोटारीच्या डिकीत बसत नाही. १९९० मध्ये ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहरात खेळाडूंनी बर्नसाइड पुलाखालच्या पडीक जागेत, कुणाची परवानगी न घेता, स्वतःच्या हाताने काँक्रीट ओतून उतार बांधायला घेतले. शहराने नंतर ते मान्य केलं आणि आज ती जागा जगभर प्रसिद्ध आहे. सिमेंटची पोती, वाळू, घमेली, थापी हे सगळं गाडीतूनच पुलाखाली पोहोचायचं. बांधणारा खेळाडू आणि माल वाहणारी गाडी यांची जोडी अशी जमली.

इथवर पिकअपचं झालं. पण जुनाच पिकअप का? पैसा हे एक कारण आहेच. वीस-बावीस वर्षांच्या पोराच्या खिशाला जुनीच गाडी परवडते. शिवाय सिमेंट सांडलं, हौद्यावर ओरखडा पडला, फाळका उघडून त्यावर पाच जण बसले, तरी जुन्या गाडीच्या मालकाचा जीव खालीवर होत नाही.

त्याहून मोठं कारण त्या मुलाच्या पायाखालीच आहे. स्केटबोर्ड ही अखंड वस्तू नव्हे. साधारण सात थरांची मेपल लाकडाची फळी, तिच्याखाली दोन धातूचे सांगाडे, चार चाकं, आठ बेअरिंग आणि वर खरखरीत कागद, असं ते जुळवलेलं यंत्र आहे. फळी काही महिन्यांत मोडते, चाकं झिजतात, बेअरिंग गंजतात. धातूचे सांगाडे मात्र वर्षानुवर्षं टिकतात. जे मोडलं तेवढंच बदलायचं आणि तेही स्वतःच्या हाताने, एका पान्याने. असा खेळ खेळून वाढलेल्या मुलाला जी गाडी उघडता येते, समजते आणि जोडता येते तीच आपली वाटते.

जुने पिकअप नेमके तसेच होते. खाली शिडीसारखी सरळ चासी, मागे कमानपाटे, पुढे साधं इंजिन. टोयोटाच्या १९८०च्या दशकातल्या पिकअपचं २.४ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन अमेरिकेत दणकट म्हणून नावाजलेलं आहे. लोखंडी ब्लॉक, पट्ट्याऐवजी साखळीवर चालणारी टायमिंगची रचना आणि बॉनेट उघडलं की हात घालायला ऐसपैस जागा. याच टोयोटाच्या हायलक्सची बीबीसीच्या ‘टॉप गियर’ या कार्यक्रमाने २००३ मध्ये परीक्षा घेतली. गाडी समुद्राच्या भरतीत बुडवली, पुढे एका उंच इमारतीच्या गच्चीवर ठेवून ती इमारतच पाडली. ढिगाऱ्यातून काढलेली गाडी मोजक्या हत्यारांनी खटपट केल्यावर पुन्हा सुरू झाली. पडून पुन्हा उभं राहण्यात ज्यांचं सगळं तारुण्य गेलं, त्यांना अशा गाडीबद्दल काय वाटत असेल याची कल्पना करा.

मला वाटतं, तुमच्या मुलाला कळलेली गोष्ट ही आहे : भरवशाची गाडी म्हणजे कधीच न बिघडणारी गाडी नव्हे. बिघडली तरी कुठल्याही नाक्यावर दुरुस्त होऊन रात्री घरी परत आणणारी, ती भरवशाची.

हे आपल्याकडच्या लोकांनाही फार आधीपासून कळलंय. अंबरनाथ, बदलापूर, कल्याणचा ग्रामीण पट्टा आणि तिकडे पनवेलपर्यंत बैलगाडा शर्यतीची हौस किती खोल आहे, हे तुम्ही जाणताच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातलेली बंदी २०२१च्या डिसेंबरमध्ये सशर्त उठली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून शर्यतीच्या दिवशी बैल घेऊन निघालेले पिकअप या रस्त्यांवर पुन्हा दिसू लागले. हौद्यात पाय घसरू नये म्हणून पेंढा, बाजूला वैरण, पाण्याचा पिंप आणि समोरच्या काचेवर बैलाचं नाव. त्या मालकासाठी पिकअप हा शर्यतीचाच भाग असतो. बैल रस्त्यात अडकला तर शर्यत गेली आणि बैल दमला तरी शर्यत गेली.

ढोल-ताशा पथकांचं बघा. सरावाच्या जागेपासून मिरवणुकीपर्यंत ढोल, ताशे, ध्वज घेऊन जाणारा टेम्पो बहुधा वर्षानुवर्षं तोच असतो. चालकाला प्रत्येक ढोल कसा रचायचा ते पाठ असतं. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली आणि पाहता पाहता ही प्रथा महाराष्ट्रभर पसरली. फडके रोडवर दिसणारे ते चित्ररथ फुलं, पडदे आणि पुठ्ठे काढले की उरतात ते टेम्पो आणि ट्रक. आदल्या रात्री त्यांच्या हौद्यात उभं राहून तरुण पोरं खिळे ठोकत असतात. अंगणात उतार बांधणाऱ्या पोरांचंच हे काम आहे.

एक गोष्ट मात्र मुलाला नीट सांगा. आपल्याकडच्या स्केटबोर्ड खेळणाऱ्यांची खरी गाडी अजून लोकलच आहे. बोर्ड काखेत मारायचा, डोंबिवलीहून दादर, तिथे पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, वांद्र्याला उतरून कार्टर रोडचा स्केटपार्क. मुंबईच्या पोटातून एवढा प्रवास करून दोन तास खेळणारी मुलं आहेत आणि त्यांच्या जिद्दीला मी नमस्कार करतो. पिकअपची गरज तेव्हा लागेल, जेव्हा ही मुलं आपल्याच गावात काही बांधायला घेतील. तोवर गाडीचे पैसे साठवू द्या आणि रविवारी एखाद्या ओळखीच्या गॅरेजमध्ये मिस्त्रींच्या हाताखाली बसू द्या. ऑइल बदलणं, ग्रीसिंग, ब्रेकचे लायनर बघणं एवढं जरी शिकला, तरी गाडी घेण्याची निम्मी तयारी झाली.

प्रश्न : स्केटबोर्डच्या चाकांवरच्या धातूच्या भागाला ‘ट्रक’ का म्हणतात? माल वाहणाऱ्या ट्रकशी त्याचं नातं आहे का? — इयत्ता आठवीतील विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : प्रश्न फार आवडला. नातं माल वाहणाऱ्या ट्रकपेक्षा तुझ्या रोजच्या लोकलशी जवळचं आहे.

रेल्वेच्या डब्याखाली चाकांचा जो फिरता सांगाडा असतो त्याला अमेरिकेत ‘ट्रक’ म्हणतात. आपण त्याला ‘बोगी’ म्हणतो. खरं तर आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणू लागलो, पण मूळ अर्थ खालच्या सांगाड्याचा. लोकलच्या प्रत्येक डब्याखाली असे दोन सांगाडे असतात, एक पुढे आणि एक मागे. डबा सरळ आणि लांब असला तरी हे सांगाडे स्वतंत्रपणे फिरतात, म्हणून पारसिकच्या बाजूच्या वळणावरही डबा रुळावरून सहज वळतो.

स्केटबोर्डही तसाच. लांब फळी, खाली दोन ट्रक, एकेका ट्रकला दोन चाकं. ट्रकच्या मधल्या बोल्टभोवती रबरासारख्या मऊ चकत्या असतात. फळीच्या एका कडेवर वजन टाकलं की चकत्या दबतात, आस तिरका होतो आणि बोर्ड त्या बाजूला वळतो. ही युक्ती १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यांनी चाकांच्या बुटांसाठी शोधली आणि तिचं पेटंट घेतलं. त्याआधीचे चाकांचे बूट सरळच जात. वळायचं तर पाय ओढावा लागे.

ठाणे स्टेशनवर उभी असशील तेव्हा डब्याखाली नीट बघ, फलाटापासून मागे उभी राहून. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे येऊन थांबली, त्या गावची मुलगी तू. चाकं वळतात कशी, हा प्रश्न तुला पडणं मला अगदी योग्य वाटतं.

प्रश्न : आपण ज्याला ‘टेम्पो’ म्हणतो तोच पिकअप का? आणि जुना घेऊन घरच्या वापरासाठी ठेवता येतो का? — एक निवृत्त शिक्षक, कल्याण (पश्चिम)

उत्तर : सर, ‘टेम्पो’ हे मुळात एका कंपनीचं नाव. जर्मनीत हॅम्बुर्गला टेम्पो नावाने तीन चाकी मालवाहू गाड्या बनत. १९५८ मध्ये उद्योजक फिरोदियांच्या पुढाकाराने ‘बजाज टेम्पो’ कंपनीने त्या भारतात बनवायला घेतल्या. लांब नाकाची ती तीन चाकी इतकी घरोघरी पोहोचली की पुढे मॅटाडोर आली, १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली, २००५ मध्ये दोन सिलिंडरचा टाटा एस म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’ आला, तरी लोकांच्या तोंडी शब्द टेम्पोच राहिला. कंपनीने २००५ मध्ये स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. शब्द मात्र मराठीने ठेवून घेतला. ‘पिकअप’ आपण साधारणपणे पुढे जीपसारखं तोंड आणि मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला म्हणतो.

घरच्या वापराचं म्हणाल तर नंबरप्लेटचा रंग आधी बघा. छोटा हत्ती किंवा बोलेरो पिकअप यांची नोंदणी बहुधा मालवाहू म्हणून असते, पिवळ्या पाटीवर. अशा गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागतं. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण कर भरावा लागतो. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ पासून आणि टोयोटाची हायलक्स २०२२ पासून आपल्याकडे मिळते. त्या खासगी वापरासाठी घेता येतात, पण जुन्याही महाग पडतात.

परवान्याचा एक गोंधळ बरीच वर्षं होता, तो मिटलाय. हलक्या मोटारीचा परवाना असलेल्याला ७५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं.

आणि एक कळकळीची विनंती. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवू नका. ते बेकायदा आहे, अपघात झाला तर विम्याचं संरक्षण मिळणं कठीण होतं आणि कमानपाट्यांवर उसळणाऱ्या हौद्यात धरायला काहीही नसतं. गोपाळकाल्याला आणि विसर्जनाला आपण हे डोळ्यांआड करतो. करू नये.

जुनी गाडी घेताना रंग बघू नका, चासी बघा. खाली वाकून टॉर्च मारा. खाडीकाठची हवा आणि इथला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस लोखंडाला पहिल्यांदा खालूनच खातो. धूर काळा असेल तर तो आधी दुरुस्त करा. आपल्या हौसेचा धूर शेजारच्या मुलांनी का घ्यावा?

प्रश्न : साठ वर्षांपूर्वी आम्ही ठाण्यात बेअरिंगची गाडी चालवायचो. गॅरेजमधून निकामी बेअरिंग आणायचे, फळीला आडव्या दांड्या ठोकायच्या आणि उतारावरून सुटायचं. हा स्केटबोर्ड त्याचाच भाऊ म्हणायचा का? — एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : अगदी सख्खा भाऊ. अमेरिकेतही मुलांनी आधी फळीला चाकांच्या बुटांची चाकं ठोकली, वर फळांची खोकी बसवली आणि धरायला दांडा लावला. खोकं तुटलं तेव्हा उरली फळी, आणि तीच पुढे स्केटबोर्ड झाली. आपल्याकडच्या गाडीत बेअरिंग हेच चाक होतं. त्याचा तो डांबरावरचा खडखडाट दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायचा.

आजच्या स्केटबोर्डमध्ये बेअरिंग चाकाच्या आत बसतं. त्याचा क्रमांक ६०८ : आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. हे काही खास खेळाचं बेअरिंग नव्हे. लहान मोटारी आणि यंत्रांमध्ये तेच असतं, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातही मिळतं. तुमच्या नातवाने स्केटबोर्ड मागितला तर त्याला बेअरिंग उघडून रॉकेलने धुणं आणि तेलाचे दोन थेंब सोडणं तुम्हीच शिकवा. पावसाळ्यानंतर हे करावंच लागतं. ते हात तुमच्याकडे आधीपासून आहेत.

प्रश्न : मी चौदा वर्षांची आहे. आमच्या भागात स्केटबोर्ड खेळायला जागाच नाही. मुलं क्रिकेट खेळतात, आम्हाला हाकलतात. काय करू? — एक वाचक, डोंबिवली (पश्चिम)

उत्तर : आधी एक लक्षात ठेव. २०२१ मध्ये टोकियोत हा खेळ पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला, तेव्हा महिलांच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक जिंकणारी जपानची मोमिजी निशिया अवघ्या तेरा वर्षांची होती. तुझं वय अडचण नाही आणि तू मुलगी आहेस हीही नाही. अडचण जागेची आहे आणि ती मागता येते.

तुम्हाला मोठं काही लागत नाही. पेव्हर ब्लॉक नसलेली, सपाट, गुळगुळीत काँक्रीटची जागा, डोक्यावर छप्पर आणि वाहनांपासून वेगळं ठेवणारं कुंपण. हे तिन्ही उड्डाणपुलाखाली मिळतं. नवी मुंबई महापालिकेने सानपाड्याला पुलाखाली बास्केटबॉल, बॅडमिंटन, क्रिकेटसाठी जागा तयार केली, तेव्हा देशभर तिचं कौतुक झालं. पावसाळ्याचे चार महिने जिथे बोर्ड भिजून फुगतो त्या आपल्या पट्ट्यात पुलाखालची कोरडी जमीन सोन्यासारखी आहे. खेळणाऱ्या दहा-बारा मुलामुलींची नावं जमवा, पालकांच्या सह्या घ्या, जागेचं मोजमाप आणि फोटो जोडा आणि प्रभाग कार्यालयात अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका. महिन्याने पुन्हा जा. पहिल्यांदा नाही झालं तर पुन्हा अर्ज करा. सतरा वेळा पडून अठराव्यांदा उडी जमवणाऱ्यांना हे मी वेगळं सांगायला नको.

तोवर हेल्मेट, कोपर आणि गुडघ्याचे पॅड घालून सोसायटीच्या आवारात खेळा. रहदारीच्या रस्त्यावर कधीही नाही.

आणि अर्ज मंजूर झाला, जागा मिळाली, तर तिथे उतार बांधायला प्लाय लागेल, बल्ल्या लागतील, सिमेंटची पोती लागतील. या पानावर सगळ्यात वर ज्यांचा प्रश्न आहे ते तुझ्याच गावचे, रुळांच्या पलीकडे राहणारे. त्यांचा मुलगा तोवर अठरा वर्षांचा झाला असेल. ते सामान पुलाखाली कोण आणून टाकणार, याचं उत्तर मला आत्ताच दिसतंय.